चाचांच्या उंचीचं पाणी

आमच्या वडवणी तालुक्यात पोलिसाला न भिणारी माणसं पुष्कळ सापडतील, पण मोटरवाल्या चाचांना न भिणारा मोटरसायकलवाला मी अजून पाहिलेला नाही. हॉटेलसमोर कुणी गाडी चालू ठेवून चहा मागवला, की चाचा सावकाश यायचे, किल्ली काढायचे आणि एक शब्द न बोलता आपल्या दुकानाकडे चालू लागायचे. विहिरीतल्या जळलेल्या मोटरांत नवी तार भरून देण्याचं त्यांचं दुकान. दाराशी खिळ्यांची रांग, आणि त्या खिळ्यांवर जप्त किल्ल्या. किल्ली परत हवी तर समोरच्या बाकावर बसून परीक्षा द्यावी लागे. "धूर कुटं गेला?" "वर गेला, चाचा." "वर जाऊन काय करतो? जिमिनीवर गोधडी पांघरतो. भर उन्हाळ्यात तुला गोधडी पांघरली तर तुजं काय व्हईल बे?" एकदा तर खुद्द नवरदेवाची किल्ली त्यांनी काढली. वऱ्हाड रस्त्यावर ताटकळत उभं, आणि हा मुंडावळ्या बाजूला सारून "घामाघूम व्हईन" असं उत्तर देतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जग तापतंय आणि ते माणसानंच तापवलंय, हे चाचांनी रेडिओवर ऐकलं होतं. पण ऐकलं आणि मान डोलावली, असला हा माणूस नव्हे. कुणाची मोटर कोणत्या महिन्यात जळली याची वही ते पहिल्यापासून ठेवत. विहिरीत पाणी संपलं की मोटर कोरडी फिरते आणि जळते. ती वही त्यांनी उलटी चाळली आणि मला बोलावलं. मी दूध संस्थेचा सेक्रेटरी, म्हणून मला वाचता येतं असा त्यांचा समज. "हे बगा सेक्रेटरी. आदी मोटरा चैतात जळायच्या. आता संक्रांतीलाच जळायल्या. रेडिओवाला खरं बोलतो." मग थोडं थांबून म्हणाले, "आभाळ सगळ्या दुनियेनं मिळून बिघडवलं, त्यात आपुनबी हाव. पर इहीर निस्ती आपुनच आटवली." मोटरा जळल्या तरच ज्याच्या घरी चूल पेटायची, तो माणूस गिऱ्हाइकाला सांगायचा, मोटर कमी चालव. याला व्यवहार म्हणत नाहीत, हे मी त्यांना अनेकदा समजावलं.

आमच्या संस्थेची विहीर गावालगत आहे. गाव तिचंच पाणी पितं, जनावरंही तेच पितात, दुधाचे कॅन त्यानंच धुतले जातात. एका उन्हाळ्यात गाळ काढायला ती उपसली तेव्हा आत मापाच्या रेघा मारायचं ठरलं. आमच्याकडे विहीर परसात मोजतात. परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. पण कोणता माणूस? यावर संस्थेची सभा दोन तास चालली. चेअरमन सहा फुटी, त्यांच्या मापानं पाणी कमी भरलं असतं. शेवटी गावातला सगळ्यात बुटका म्हणून चाचांचं नाव निघालं आणि सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. "मापानं पाणी वाडत न्हाई बे," असं पुटपुटत चाचा भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांच्या टाळूच्या उंचीवर तांबडी रेघ मारली गेली. एकावर एक अशा सात रेघा. तेव्हापासून गावात परस हा शब्दच बंद पडला. "आज दोन चाचा पाणी हाय," असं म्हणू लागले.

पुढच्याच वर्षी पाऊस रुसला. पोळ्याला एक दिवस असा कोसळला की बांध वाहून गेले, आणि त्यानंतर थेंब नाही. फाल्गुनात विहिरीत दीड चाचा पाणी उरलं. मी ठराव मांडला की विहिरीशेजारी खोल बोअर घ्यावी. ठराव मीच मांडला, हे लपवण्यात अर्थ नाही. आसपासच्या शेतांतल्या विहिरींवर सात मोटरा होत्या, आणि त्या याच झऱ्याचं पाणी ओढत. त्यांतली सगळ्यात मोठी माझी, माझ्या मोसंबीच्या बागेची. गावाला बोअरचं पाणी मिळालं की माझ्या मोटरीकडे कुणी बोट दाखवणार नव्हतं. चाचा सभेत एवढंच म्हणाले, "बोर झऱ्याचं पाणी खाली ओडती. मग इहीरबी जाती अन् बोरबी जाती." ठराव मंजूर झाला.

सकाळी बोअरची गाडी आली. इंजिन धडधडत ठेवून ड्रायव्हर चहाला गेला, आणि एवढ्या वर्षांच्या सवयीनं चाचांचा हात आत गेला. इंजिन बंद. किल्ली हातात. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा अर्धं गाव भोवती जमलं होतं. चेअरमननी हात पुढे केला. चाचांनी किल्लीकडे पाहिलं, चेअरमनकडे पाहिलं, आणि वळून ते विहिरीच्या पायऱ्या उतरू लागले.

 पायऱ्या शेवाळानं निसरड्या झालेल्या, आणि सत्तरीचा माणूस. पाण्याला लागून असलेल्या शेवटच्या पायरीवर ते बसले. वरून शिव्या, विनवण्या, सगळं झालं. एक बाई ओरडली, "चाचा, प्यायचं पाणी हाय, पाय घालू नगा." खालून उत्तर आलं, "चपला वर काडून आलोय, माय." कुणी हसलं नाही. ऊन चढत होतं. ड्रायव्हर गाडी घेऊन दुसऱ्या गावाला जायची भाषा करू लागला. दुपारी चाचांनी मान भिंतीला टेकली, आणि मला वाटलं, हा माणूस आता घसरून पाण्यात जातो. मी खाली उतरलो.

"चाचा, मागता काय तुमी?"

"साती मोटरा वर काडा. पाऊस पडंस्तवर." त्यांच्या ओठांना कोरड पडली होती. हाताशी पाणी होतं, पण ते प्यायले नव्हते. "अन् दूध घालाया चाळीस फटफट्या कावून येत्यात? एक टेम्पो फिरवा." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सेक्रेटरी, पयली मोटर तुमची."

त्यांना सगळं ठाऊक होतं. सभेतही ठाऊक होतं. चारचौघांत बोलले नाहीत, माझी लाज राखली. मला त्यांचा राग आला, आणि रागाखाली शरम होती. "काडतो," म्हणालो. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. बोअरची गाडी न खोदताच परत गेली.

मोटरा चाचांनीच वर काढल्या. मजुरी घेतली नाही. गावात मोटर चालेना, तर जळेना. चाचा चार महिने दुकानात माश्या मारत बसले आणि चटणी-भाकरीवर राहिले. माझी अर्धी बाग वाळली. मी त्यांच्याशी जूनपर्यंत बोललो नाही. पाऊस आला त्या दिवशी विहिरीत चाचांच्या गुडघ्याएवढं पाणी होतं. गावात एकही टँकर आला नव्हता.

आता चाचा गेवराईला लेकीकडे असतात. नजर गेली आहे. दर रविवारी त्यांना पाण्याचं माप कळवायचं काम माझ्याकडे आहे. परवा विहिरीवरूनच फोन लावला. "पावणेदोन चाचा हाय," म्हणालो.  चाचा म्हणाले, "आता मी कमरंत वाकलोय, सेक्रेटरी. चाचा लई कमी भरंल."

"तुमी भिंतीवर हाव, चाचा. तिथं ताठ उबे हाव."

  मग त्यांनी विचारलं, "तुमची गाडी चालू हाय का?"

मागं वळून पाहिलं. माझी मोटरसायकल झाडाखाली धडधडत उभी होती. मी जाऊन ती बंद केली, किल्ली काढली आणि फोन पुन्हा कानाला लावला. "धूर कुटं गेला?" चाचा विचारत होते. मी बांधावर बसलो आणि उत्तरं देऊ लागलो.