दरीवरचा दोर

लिफ्टवाले काका अठ्ठावीस वर्षं एका इस्पितळातल्या लिफ्ट दुरुस्त करत आले. माणूस सरळ, पण एकदा अडून बसला की बसला. लेक नोकरीसाठी दूर गेली आणि फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढे दोघांचं बोलणं सरकेना. शेवटी तिनंच त्यांना एका ऑनलाइन खेळात ओढलं. दर रविवारी सकाळी हेडफोन लावून बापलेक तिथं भेटत. काकांचा अख्खा आठवडा त्या दोन तासांवर निघे.

खेळात हजारो माणसं. नवख्यांच्या गावाबाहेर एक दरी. ज्यानं त्यानं आपला दोर बांधायचा, पलीकडे जायचं, दोर सोडून घ्यायचा. काकांनी दोर वळायचं दुकान टाकलं. भाव चार नाणी, नवख्यालाही परवडावा म्हणून. दुकान उघडलं की दहा मिनिटांत माल साफ, आणि काकांची कॉलर ताठ.

एका रविवारी त्यांना बाजारात तोच दोर दहा नाण्यांना दिसला. खेळात वस्तूवर करणाऱ्याचं नाव उमटतं, तेव्हा शंकेला जागाच नव्हती. तो विकणाऱ्या दुकानाच्या पाटीवर लेकीचं टोपणनाव होतं, चिमणी.

“अगं, नवख्यांना लुबाडतेस? माझाच माल उचलून?”

“मी नाही उचलला तर दुसरं कुणी उचलेल, बाबा. तुमच्याकडे जो आधी धावतो त्यालाच मिळतो. माझ्याकडे केव्हाही या, दोर आहे.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, याचाच काकांना जास्त राग आला. फार बोलावं तर ती रविवारी यायचीच बंद होईल, आणि गप्प बसावं तर नवखे लुबाडले जाणार.

आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यात काम करताना डोक्यात तेच. वर शेजारच्या लिफ्टचं दार उघडे, स्ट्रेचर दिसला की आतली माणसं आपणहून बाहेर येत. ना कुणी भाव करी, ना कुणाला लिफ्ट उचलून घरी नेता येई. ती जागची हलत नव्हती, म्हणून सगळ्यांची होती.

पुढच्या रविवारी त्यांनी दुकान उघडलंच नाही. दरीवर दोर बांधला, पलीकडे गेले आणि गाठ सोडली नाही. मागून नवखे एकापाठोपाठ एक फुकट येत राहिले. बाजारात दोराला कुणी विचारेना.

“बाबा, माझ्याकडे तीनशे दोर पडलेत,” हेडफोनमधून लेक म्हणाली. “आता कवडीची किंमत नाही.”

काकांनी कबूल केलं. “हो. माझ्यामुळे.”

“आणि बांधलेला दोर सात दिवसांत तुटतो, माहितीये ना? दर रविवारी कोण बदलणार?”

“मी. देखभालीशिवाय जन्मात दुसरं केलंय काय मी?”

आता ही उठून जाणार, काकांनी मनाची तयारी केली.

“आठवड्याला एक,” ती सावकाश म्हणाली. “माझे तीनशे पावणेसहा वर्षं पुरतील, बाबा.”

काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. “मग पुढच्या रविवारी गाठ तू मार,” ते म्हणाले.