मागे राहिलेली डॉक्टर

ती मालिका आम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी सातवीत होते, दादा दहावीत. दर रविवारी सकाळी हिंदीतून लागायची. घरचा रस्ता चुकलेलं एक अंतराळयान आणि त्यातली माणसं, एवढीच गोष्ट. वडील दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. यानाचं इंजिन दिसलं की विचारायचे, "याले तेल कोण देते?" आम्ही दोघं चिडायचो. दादा वहीत यानाचे नकाशे काढायचा. मला मात्र यानावरची डॉक्टर आवडायची. कमी बोलायची, आणि सगळे घाबरले की हिचे हात शांतपणे कामाला लागायचे.

मी यवतमाळला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना तो भाग लागला. एका ग्रहावर साथ येते, यानाला निघावंच लागतं, आणि डॉक्टर आजाऱ्यांसोबत मागे राहते. यान उडतं तेव्हा ती वर पाहतसुद्धा नाही. कुणाच्या तरी तोंडाला पाणी लावत असते. होस्टेलच्या टीव्हीसमोर मी सगळ्यांदेखत रडले.

त्याच उन्हाळ्यात आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. वडील आधीच वारले होते. दादा पुण्यात नोकरीला होता आणि मला तिथेच एम.एस्सी.ला, फिजिक्सला, प्रवेश मिळाला होता. दादा आला, चार दिवस राहिला. जाताना एसटी स्टँडवर मला म्हणाला, "तू त्या डॉक्टरसारखी हायेस. माह्याच्यानं नसतं झालं हे."

मी फुलून गेले. खोटं कशाला सांगू? प्रवेश रद्द केला, गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले, आणि अकरा वर्षं आईला उठवलं, न्हाऊ घातलं, भरवलं. मधे एकदा दादाने तिला पुण्याला नेतो म्हटलं, तर मीच नको म्हणाले. तिला तिकडे करमणार नाही, असं कारण दिलं. खरं म्हणजे त्या मोठेपणाची मला चटक लागली होती. शेजारपाजारच्या बाया लेकींना माझं उदाहरण द्यायच्या. लग्नाविना तिशी उलटली तसं ते उदाहरणही बंद झालं. मग नुसतीच कीव उरली.

आई गेली त्यानंतरच्या वर्षी मालिका मोबाईलवर नव्याने सुरू झाली. लेखक नवे, नट बरेचसे जुने. चौथ्याच भागात त्यांनी काळ उलटा फिरवला. डॉक्टर यानावर परत, केस काळेभोर, हसतेय.

भाग संपतो न संपतो तोच दादाचा फोन आला. तो अगदी शाळकरी पोरासारखा बोलत होता. डॉक्टर परत आली, हे त्याने मला तीनदा सांगितलं. मी विचारलं, आजारी लोकांचं काय झालं?

"अवं, ती साथ आलीच नाही न आता," तो म्हणाला. "सगळं पुसलं त्यायनं."

"माही अकरा वर्षं कोणी पुसली नाही, दादा."

तो म्हणाला, "सिरीयल हाये ते. तू कायले मनावर घेतं?"

एसटी स्टँडवर तो काय म्हणाला होता, ते मी त्याला सांगितलं. त्याला आठवत नव्हतं. आठवत नाही हे तो खरं बोलत होता, आणि तेच मला जास्त लागलं. मग त्याला मीटिंग होती.

त्या दिवशी मी ठरवलं, आता पाहायची नाही. पुढचा भाग आला तसा पाहिला. त्यानंतरचेही सगळे पाहिले. आता त्यात नववीच्या पुस्तकाला न पटणारं विज्ञान असतं, मेलेली माणसं वाटेल तेव्हा उठतात, कुणाच्या कुठल्याच निर्णयाची किंमत उरत नाही. मी शिव्या देत पाहते. आणि डॉक्टर पडद्यावर आली की आजही माझी पाठ ताठ होते. स्वतःची लाज वाटते, पण होते.

दादाचा फोन भाग आला की येतो, एरवी येत नाही. दिवाळीलाही मेसेजच असतो. मी पाहणं सोडलं तर आम्हाला बोलायला काय उरेल, याचा विचार मी केला आहे.

गेल्या शुक्रवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत नवा भाग पाहिला. अगदी टाकाऊ होता. संध्याकाळी दादाने विचारलं, कसा वाटला? मी म्हटलं, चांगला होता. त्याला फार बरं वाटलं.