गाडीच्या वाट्याचं गोडं पाणी

देवी माझं ऐकेल का, ही शंका मला फार वर्षं होती. तिच्याविषयी नव्हे, माझ्याविषयी. ज्या हाताने तिच्या नावाने नारळ फोडला त्याच हाताने मी चोरी केलेली; हाक तरी कोणत्या तोंडाने मारायची? हे मी बायकोलाही पुरतं सांगितलेलं नाही. आज सांगतो.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधी मी भाईंदरला एका मिठागरवाल्या घराची मोटार चालवत होतो. आमच्याकडे विहीर खणली तरी पाणी खारट. प्यायचं गोडं पाणी लांबून बैलगाडीने यायचं, आणि मालकांचा नियम असा की मोटारीच्या रेडिएटरमध्येही तेच घालायचं. खाऱ्या पाण्याने आतल्या बारीक नळ्या तुंबतात आणि लांबच्या वाटेवर, चढाला, गाडी दगा देते. आठवड्याला दोन हंडे मोटारीच्या नावाने निघत. मालकांच्या घरातल्या बायका म्हणायच्या, "सवत आणलीय घरात. गोडं पाणी आधी तिला, मंग आमाला."

बायको बाळंत झाली तेव्हा ते हंडे मी पहिल्यांदा घरी नेले. मालकांच्या आईकडे, मोठ्या बाईंकडे, मागितलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं नसतं. पण मागण्याचा संकोच मोठा, चोरीचा नव्हता. पोर रांगायला लागली तरी हंडे घरीच येत राहिले. मोटारीत मी मिठागराच्या कडेच्या विहिरीचं पाणी ओतत होतो. ठाण्यापर्यंतच्या फेऱ्यांत काही कळलं नाही.

चैत्रात मोठ्या बाईंचा दमा बळावला. डॉक्टर म्हणाले, ही दमट हवा सोडा, नाशिकला न्या. निघायच्या सकाळी मी बॉनेटला हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, वज्रेश्वरी देवीचं नाव घेऊन नारळ फोडला. मालकांनी विचारलं, "पाणी गोडंच भरलंस ना रं?" मी हो म्हणालो. तेव्हाही वेळ होता. पण जुनं पाणी सोडलं तर रेडिएटरच्या तोटीतून काय बाहेर येईल, आणि ते कोण कोण बघेल, याचीच धास्ती जास्त होती. नारळ फोडलाय, देवी नेईल पार, असं मनाला सांगितलं.

शहापूर मागे पडलं तसं माझं लक्ष रस्त्यावर राहीना. कान इंजिनाकडे. कसारा घाटात दुसऱ्याच वळणाला करपल्यासारखा वास आला, रेडिएटरच्या टोपणाखालून वाफ फुसफुसू लागली आणि इंजिन बंद पडलं. गाडी हळूच मागे सरकली. मागे दरी. मी ब्रेक दाबून बसलो, मालकांनी उडी मारून चाकांना धोंडे लावले, तेव्हा कुठे ती थांबली. भर दुपार, सावली नाही. मागच्या सीटवर मोठ्या बाईंची छाती भात्यासारखी वाजत होती. मालक कोणी भेटतंय का बघायला वर चालत गेले.

बाईंनी शेजारची सुरई माझ्याकडे सरकवली. "हे घाल तिला."

तेवढंच प्यायचं पाणी उरलं होतं. आणि मला ठाऊक होतं, नळ्याच तुंबल्यात. सुरईने काही होणार नाही. पण ते बोलायचं तर सगळंच बोलावं लागणार होतं. त्यांचे ओठ निळसर दिसू लागले होते. मी दाराशी गुडघ्यांवर बसलो आणि म्हणालो, "बाई, गाडीत खारं पाणी हाय. गोडं मी घरी नेत होतो. वर्ष झालं."

त्यांनी श्वास ओढून घेतला. मग म्हणाल्या, "तुझी पोर पीत होती ना? मंग मागायचं व्हतं, मेल्या." दम घेत म्हणाल्या, "आता माज्याकडं नको बघू. देवीला हाक मार."

मी डोळे मिटले. काही मागणं सुचेना. एवढंच म्हणालो, आई, माझं काय व्हायचं ते होऊ दे, यांना पार ने.

तशीच काही मिनिटं गेली असतील. वळणावरून एक म्हातारा आला, पुढे रेडा, रेड्याच्या पाठीवर पाण्याने फुगलेली पखाल. घाटात रस्त्याच्या खडीवर पाणी मारायचं काम त्याचं. त्याला काही सांगावंच लागलं नाही. गाडीखाली सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून त्याने जिभेला लावलं. "मोटारीला आमटी पाजलीस का रं बाबा?"

इंजिन निवेपर्यंत त्याने मला थांबवलं. मग मी तोटी सोडली. तांबूस-पांढरा चिखल निघाला. पखालीतलं पाणी घालत, सोडत, पुन्हा घालत राहिलो, स्वच्छ येईपर्यंत. मी विचारलं, "मुकादम रागवंल ना?" तो म्हणाला, "रागवू दे. खडी थांबल. ह्या बाईंचा दम थांबायचा न्हाय."

मालक परत आले तेव्हा इंजिन सुरू होतं. म्हाताऱ्याला काही द्यावं म्हणून त्यांनी खिशात हात घातला, तोवर तो रेडा हाकत वळणापलीकडे गेला होता. देवीने धाडला की तो त्याच्या रोजच्या वाटेने आला, मला ठाऊक नाही. रोजच्या वाटेने आला असेल तरी माझं देणं कमी होत नाही.

बाई नाशिकला सुधारल्या आणि पुढे काही वर्षं जगल्या. घाटातलं बोलणं त्यांनी मुलाला कधी सांगितलं नाही, आणि मीही त्यांच्या मौनाच्या आडोशाला राहिलो. भरवशाचा सारथी म्हणून मालक मला आजही चारचौघांत नावाजतात. तेव्हा मी खाली बघतो. मी त्या दिवसापर्यंत देवीवर भार टाकत होतो तो माझ्या हातच्या कामाचा. तो भार तिचा नव्हताच. तिच्यावर सोडायची होती ती माझी भीती, आणि तीच मी गच्च धरून बसलो होतो.

बाई गेल्या त्याला आता महिना झाला. हे लिहून झालं की उद्या सकाळी मालकांना वाचून दाखवणार आहे. ते काय म्हणतील याची भीती आहे. ती असू दे, मी जाणार.