मॅमथच्या पिल्लाचं पोट

माझी आत्या मॅमथला केस लावते. ऐकणारा आधी हसतो आणि मग हमखास विचारतो, "म्हणजे गोंदाने चिकटवते?" नाही. संग्रहालयाच्या मागच्या कारखान्यात बसून ती रबराच्या कातड्यात घोड्याच्या शेपटीचा एकेक केस सुईने रोवते, पायाकडून पाठीकडे. मी तिथेच तिकीट खिडकीवर असते, त्यामुळे तिच्या कामाची लोक काय वाट लावतात ते मला रोज दिसतं. मोठ्या मॅमथचे केस हात पोचेल तिथपर्यंत उपटलेले. उरलेल्या केसांत कुणाकुणाच्या तोंडातलं च्युइंगम. ते ती निमूटपणे कात्रीने काढते.

तिने खरा जीव ओतला तो पिल्लात. गोठलेल्या जमिनीत हजारो वर्षं पडून राहिलेलं एक पिल्लू शास्त्रज्ञांना सापडलं होतं, त्याचे फोटो समोर ठेवून तिने ते केलं. महिनाभराचं पिल्लू, चिखलात रुतून गुदमरलेलं. सोंडेत चिखल, पोटात आईचं दूध. आत्याची मुलगीही महिन्याभराचीच होऊन गेली, मी जन्मायच्या आधी. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आत्याने आयुष्यात एकच हट्ट केला, की या पिल्लाला तरी कुणी हात लावू नये. मग त्याच्याभोवती काच बसली.

कारखान्यात एक रीत आहे. पोट शिवून बंद करण्याआधी करणाऱ्याने आपलं काहीतरी आत ठेवायचं. मोठ्याच्या पोटात सुताराची पेन्सिल आहे, रंगाऱ्याचा झडलेला ब्रश आहे. पिल्लाच्या पोटात आत्याने काय ठेवलं, ते कुणी विचारलं नव्हतं.

मग नवे साहेब आले. मॅमथ त्यांनी कार्टूनमध्येच पाहिलेला. पिल्लू बघून नाक मुरडलं. "मेलेलं कशाला दाखवायचं? सोंडेतली घाण काढा, ओठ जरा हसरे करा, काच हटवा. पोटात स्पीकर बसवू, हात लावला की खिदळेल." संग्रहालयाच्या शास्त्रज्ञ बाईंनी विरोध केला, तर म्हणाले, "तुमची माहिती खाली बारीक अक्षरात लावू की."

सुट्टीच्या दिवशी स्पीकर बसवायला वायरमनने पोटाचे टाके उसवले. आतून एक पिवळं पडलेलं टोपडं निघालं. साहेबांनी ते चिमटीत धरून नाकापासून लांब नेलं.

"शी. कुणी कोंबलं हे फडकं? फेका."

"माझं आहे," आत्या म्हणाली. तिने ते घेतलं, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि सुईत दोरा ओवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आत्या, चल इथून. शिवू दे त्यांनाच."

"त्यांना येत नाही गं. टाका दिसेल."

ती शिवत असतानाच साहेबांनी पिल्लाच्या पाठीवर थाप मारली. पिल्लू खिदळलं. कुणा मोठ्या बाईने लहान मुलाचा आवाज काढून भरलेलं ते हसू, इतकं चिकट की मला शिसारी आली. साहेबही हसले. आत्याच्या बोटांखाली पोट थरथरत होतं. तिची सुई थांबली.

"साहेब, आवाज जरा कमी ठेवता येईल का?"

"मग गर्दीत ऐकू कसा येणार?" साहेब म्हणाले आणि त्यांनी आणखी एक थाप मारली.

हसणं थांबेपर्यंत आत्याने पोटावर हात ठेवला. मग शेवटची गाठ मारली.