पातेले पुढे गेले

आता तुमच्यापासून काय लपवायचे! सन १९१६, महिना डिसेंबर, महाराजांची कारकीर्द आणि आजऱ्याकडची हाडे गोठवणारी थंडी. मी कोल्हापूरची, नुकतीच मॅट्रिक झालेली आणि अर्थातच तोऱ्यात. आजऱ्याजवळ ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ होता, तिथे मुलींची शाळा. शिक्षिकेची जागा मिळावी म्हणून आठ दिवस राहायला गेले. "मी कोणाच्याही पंक्तीला जेवते," असे घरी ठणकावून!

गुरुवारी दुपारी शाळेतल्या मुलींबरोबर पंक्तीत बसले. मठात जेवताना मौन. एक सिस्टर धर्मग्रंथ वाचते, दुसरी वाढते. तिकडच्या सुवासिक घनसाळ तांदळाच्या नव्या भाताचे वाफाळते पातेले माझ्यापुढे आले. मी शिष्टपणे म्हटले, "नको."

पातेले पुढे गेले. गेले म्हणजे गेलेच!

अहो, पहिला नकार रीतीचा, दुसरा संकोचाचा, तिसरा तर यजमानीण ऐकतच नाही. हे काय सांगावे लागते? आग्रह होईल म्हणून प्रत्येक जेवणाला मी "नको" म्हणत राहिले. घरून आणलेल्या डब्यातले शेंगदाण्याचे लाडू शनिवारी सकाळी संपले.

विहिरीवर स्वयंपाकीण कातरीनमावशीने गाठले.

"का वो बाई, आमच्या हातचं खाल्लं तर बाटतासा व्हय?"

"छे! तसले मी मानत नाही."

"मग भात बघून त्वांड का फिरवतासा?"

भुकेली आहे हे कबूल करायचे? मॅट्रिक झालेल्या बाईने? "मला भूकच कमी आहे," म्हणाले.

दुपारी पाहते तो खोलीबाहेर नवी चूल, कोरी मडकी, तांदूळ! मठाच्या प्रमुख मदर नम्रपणे म्हणाल्या, "तुमचे सोवळे आम्ही राखू. पण मुलींच्या पंक्तीला न जेवणाऱ्या बाईंना शाळेत जागा कशी द्यावी?"

गेली की माझी जागा! आणि चूल? भूमितीची प्रमेये तोंडपाठ होती, चूल मात्र मला पेटवता येत नव्हती.

रविवारी दुपारी पंक्तीत उभी राहिले आणि मौन मोडून म्हणाले, "मदर, मी सोवळे पाळत नाही. मला कडकडून भूक लागली आहे!"

वाचणारी सिस्टर थबकली. मदरनी स्वतः पातेले उचलले. "भात वाढू?"

आणि माझ्या तोंडून, अत्यंत शुद्ध उच्चारात, निघाले, "नको!"

मदर वळल्या. मी पातेल्याचा काठच धरला.

"आता सोडू नगासा, बाई!" दारातून मावशी ओरडली.

नोकरी त्याच दिवशी पक्की झाली. माझे नावही. मी शाळा सोडीपर्यंत मुली पाठीमागे मला 'नकोबाई'च म्हणत.