गजाची कॉन्टेसा

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात प्रकाशाचं अपवर्तन शिकवत होतो. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. वर्गात असताना मी फोन उचलत नाही, पण त्या मंगळवारी तो खिशात थरथरतच राहिला आणि तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी व्हरांड्यात येऊन कानाला लावला. इचोड्याच्या अलीकडे हायवेवर ढाबा आहे, त्याचा मालक बोलत होता. "मास्तर, गजाभाऊची गाडी इथं उभी हाये. तुमी लवकर या." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "ब्रेक लागले नाहीत का?" तो म्हणाला, "ब्रेक कायचे मास्तर... गाडी तर नीट उभी हाये. गजाभाऊच उठून नाही राह्यला."

उटनूरच्या शाळेपासून तिथपर्यंत मी मोटरसायकल कशी नेली ते मला आठवत नाही. आठवते ती गाडी. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली दोन चाकं मातीत उतरवून ती सरळ रेषेत उभी होती. रंग द्यायचा बाकी होता, अंगावर नुसता राखाडी प्रायमर. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि चारही इंडिकेटर उघडझाप करत होते. त्यांच्या वायरी आम्ही दोघांनी रविवारी जोडल्या होत्या. गजा सीटवर मागे रेलून बसलेला होता. ढाब्यातल्या माणसांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं होतं, शर्टाची वरची बटणं काढली होती. आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि हृदयाचा मोठा झटका आला होता, आणायच्या आधीच गेला, एवढंच सांगितलं. छातीत आधी कधी दुखलं होतं का, असंही त्यांनी विचारलं. शोभावहिनी, म्हणजे गजाची बायको, म्हणाली, "नाही जी. गॅसचा त्रास होता तेवढा." मी तिच्या मागे उभा होतो. मी काही बोललो नाही.

गजानन आणि मी इचोड्याच्या सरकारी शाळेत पहिलीपासून एका बाकावर बसलो. त्याच्या वडिलांचं हायवेला पंक्चरचं दुकान होतं, माझे वडील दुसऱ्याच्या शेतात सालानं राबत. दहावीला तो गणितात नापास झाला आणि मी पास झालो, तर त्याने पूर्ण गल्लीत माझ्या नावाचे पेढे वाटले. मी पुढे शिकलो, मास्तर झालो, आणि त्या दिवसापासून त्याने मला मिलिंद म्हणणं सोडलं. तो लाऱ्या दुरुस्त करायला लागला. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर धावणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये त्याचं नाव होतं. लारी दुकानासमोर येऊन उभी राहायच्या आतच तो नुसत्या आवाजावरून दुखणं सांगायचा. तेलुगू ड्रायव्हरशी तो तेलुगूत बोले, पंजाब्याशी हिंदीत, आणि बोल्ट निघत नसला की बोल्टाशी मराठीत. स्वतःकडे मात्र एक जुनी लुना. "सगळ्याच्या गाड्या माह्या हातून रस्त्याले लागते मास्तर," तो म्हणायचा, "माही म्हणाव अशी एकबी नाही."

लहानपणी त्यांच्या पंक्चरच्या दुकानात एकदा कॉन्टेसा आली होती. लांब नाकाची, रुंद, जमिनीला धरून चालणारी. मला ती धड आठवतही नाही, पण गजाच्या मनातून ती कधी गेली नाही. दोन वर्षांपूर्वी नार्नूरला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे जनरेटर दुरुस्त करायला गेला, तर बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे त्याला तीच गाडी दिसली. तीच म्हणजे तसलीच. काचा फुटलेल्या, टायर मातीत रुतलेले, इंजिन गंजून जाम. मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. मालक म्हणाला, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. गजाने पिल्लं निघेपर्यंत गाडीला हात लावला नाही. रोज फोन करून विचारायचा, "निघाले का हो?" मग एक दिवस दोरखंड लावून ट्रॅक्टरने ती इचोड्याला आणली. शोभावहिनीने दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "हे काय आणलं? मेलेलं जनावर?" गजा हसत होता. इतका मोकळा हसताना मी त्याला फार वर्षांनी पाहिलं.

जुनं इंजिन दुरुस्त करायचा त्याचा विचारच नव्हता. "अंग पैलवानाचं आन् जीव चिमणीचा, असं होतं हे," तो म्हणाला. नागपूरच्या भंगार बाजारातून त्याने अपघातात चेपलेल्या एका नव्या मोठ्या गाडीचं डिझेल इंजिन आणलं. सोबत तिचा गिअरबॉक्स, वायरींचा भला मोठा गुंता आणि तळहाताएवढा अॅल्युमिनियमचा डबा, म्हणजे त्या गाडीचा कॉम्प्युटर. लाऱ्यांवर पंचवीस वर्षं घालवलेला माणूस त्या डब्यापुढे दोन दिवस नुसता बसून होता. मग माझ्या घरी आला. "हे लोखंडाचं काम राह्यलं असतं तर मले कोणाची गरज नव्हती. हे लिहिण्यावाचण्याचं काम हाये. तू ये."

असा मी त्या कामात शिरलो. पाना कसा धरावा ते मला धड येत नाही, गाडी मी आजही चालवू शकत नाही. पण इंग्रजीतले वायरिंगचे नकाशे मी वाचू शकत होतो. एका दोनशे पानी वहीत मी ते मराठीत उतरवले. कोणत्या रंगाची वायर कुठून निघते, कुठे जाते, तुटली तर काय बंद पडतं. दर रविवारी सकाळी आम्ही बसायचो. तो इंजिन बसवायला चॅसीवर नवे टेकू वेल्डिंग करी, इंजिनाच्या तळाचा तेलाचा चेंबर आडव्या पट्टीला घासत होता म्हणून तो कापून पुन्हा जोडी, आणि मी पालथ्या टोपलीवर बसून वाचून दाखवी. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्ट लांब झाला तेव्हा त्याने तो नागपूरहून कापून, समतोल साधून आणला. पुढच्या चाकांना नवे डिस्क ब्रेक लागल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, हा त्याचा हट्ट. मी एकदा घाई केली तर माझ्यावर चिडला. "पयणारी गाडी कोणीबी बनवते बे. थांबणारी बनवाव लागते."

मे महिन्याच्या शेवटी गिअरबॉक्स चढवायचा होता. चेन-कप्पी लावली होती, पण शेवटचा टेकू त्याने खांद्याने दिला. बोल्ट बसला आणि तो गाडीखालून सरपटत बाहेर येऊन भिंतीला टेकून बसला. चेहरा राखेसारखा. घामाने बनियन अंगाला चिकटलं होतं. डावा हात उजव्या हाताने दाबून धरला होता.

"गजा, काय झालं?"

"काही नाही. गॅस हाये."

"हा गॅस नाही. चल, आत्ता आदिलाबादला जाऊ."

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "बा असाच गेला होता माहा. मले माईत हाये काय हाये ते." आणि माझं मनगट पकडून, "एक डाव सुरू होऊ दे मास्तर. दवाखान्यात गेलो का ते झोपवून ठेवतीन, मंग हे असंच राहीन. सुरू झाली का दुसऱ्या दिवशी जातो. शोभाले सांगजो नोको. तुले माही शपथ हाये."

मी शपथेला बांधलो गेलो असं इथे लिहिलं तर वाचणाऱ्याला ते पटेल. पण ते खरं नाही. मी शपथा मानणारा माणूस नाही, पंचवीस वर्षं मुलांना हेच शिकवत आलो. खरं असं की ती गाडी मलाही सुरू झालेली पाहायची होती. सुट्टी संपत आली होती, वायरिंग अर्धं राहिलं होतं, आणि माझ्या वहीतल्या त्या पानांचं काय होतं ते मला बघायचं होतं. मी मनात म्हटलं, आठ-दहा दिवसांनी काय बिघडतं... त्या रविवारी घरी जाताना शोभावहिनी आपल्या किराण्याच्या दुकानात काट्यावर साखर तोलत होती. "भाऊजी, आज लवकर निघाले?" तिने विचारलं. मी "हो" म्हटलं आणि पुढे गेलो.

त्यानंतर आणखी दोनदा त्याला दुखलं. दोन्ही वेळा मी पाहिलं.

इंजिन पहिल्या दिवशी सुरू झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. गजाने सगळं उचकून पाहिलं. शेवटी चूक माझ्या वहीत सापडली. दोन वेगळ्या वायरींना मी एकच तपकिरी रंग लिहून ठेवला होता. मला रडू यायचं बाकी होतं आणि तो पोट धरून हसत होता. "म्हंजे गणितात तूबी नापासच होतास बे!" वायरी बदलल्या, त्याने किल्ली फिरवली आणि ते इंजिन लागलं. आवाज जाड, खालचा, एकसारखा. शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून आली. एका लारीवाल्याने जाता जाता हॉर्न वाजवला. गजाने बॉनेटवर दोन्ही हात टेकवले आणि मान खाली घालून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. शोभावहिनीने हळद-कुंकू आणून चाकांना लावलं. तो रविवार होता. "उद्या दवाखाना," मी त्याच्या कानाशी म्हणालो. "उद्या नाही, परवा," तो म्हणाला. "उद्या लारीवाले येऊन राह्यले. परवा जातो, गाडीनंच जातो. चाचणीबी होते."

इंजिन बदलायची सरकारी परवानगी अजून आलेली नव्हती. दरख्वास्त दिली होती, मंजुरी बाकी होती. गाडी रस्त्यावर काढायचीच नव्हती. तरी मंगळवारी सकाळी तो निघाला. आदिलाबादला पोचला की नाही, दवाखान्यासमोरून परत फिरला की तिकडे गेलाच नाही, हे मला कधीच कळणार नाही. ढाब्याच्या मालकाने गाडी आदिलाबादकडून येताना पाहिली होती. गजाच्या खिशात दवाखान्याची चिठ्ठी नव्हती.

पोलिसांनी गाडी काही दिवस ठाण्यात ठेवली. कागदावरचा इंजिनाचा नंबर एक आणि गाडीतला दुसरा, त्याचे जबाब मी दिले. मंजुरी येईपर्यंत रस्त्यावर आणायची नाही, या अटीवर ती घरी आली, टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढत. तोपर्यंत तेरवी होऊन गेली होती. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी शोभावहिनीकडे गेलो. ती दुकानात बसली होती, गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. गिअरबॉक्स, भिंत, डावा हात, शपथ. माझी वायरिंगची हावही सांगितली.

मी संपवल्यावर तिने विचारलं, "कवाची गोष्ट?"

"गिअरबॉक्स चढवला त्या दिवशीची."

"म्हंजे किती दिवस?"

"तेवीस."

"तेवीस दिवस..." ती हळू म्हणाली. "तेवीस दिवस मी त्याले ओव्याचं पाणी देऊन राह्यली होती. काळं मीठ घालून. पिऊन घ्या, गॅस निघून जाईन. तो पिऊन घे. मले वाटे, माह्यानं त्याले बरं वाटून राह्यलं."

मी खाली पाहत होतो.

"त्याले नाही समजलं, भाऊजी," ती म्हणाली. "तो दहावी नापास होता. तुमी तर शिकले होते."

मग ती उठली आणि आत गेली. मी कितीतरी वेळ काट्यासमोर उभा होतो. दोन गिऱ्हाइकं आली, विचारून परत गेली.

त्यानंतर तिने मला कशानेच हाक मारलेली नाही. गाडी तशीच उभी राहिली तर बॅटरी उतरेल, इंजिन जाम होऊन बसेल, हे मी तिच्या भावाजवळ बोललो. त्याच्याच हाती निरोप आला. रविवारी सकाळी दहा वाजता येऊन सुरू करत जा. घरात यायचं नाही. दुकानातही नाही. हा लेख लिहू का, हेही मी भावाकडूनच विचारलं. ती म्हणाली म्हणे, "खरं लिहा म्हणा."

म्हणून मी रविवारी जातो. त्यांच्या दुकानामागच्या शेडचं दार उघडतो, गजाच्या सीटवर बसतो. ती त्याच्या उंचीला मागे सरकवलेली आहे, माझे पाय धड पोचत नाहीत, पण मी ती पुढे घेत नाही. किल्ली फिरवतो आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो. पुढच्या काचेतून दुकानाची मागची खिडकी दिसते. शोभावहिनी खिडकीपाशी पाठ करून उभी असते. हातात काम नसतं. मी इंजिन बंद केलं की ती तिथून जाते. आमच्यात दुसरं काही होत नाही.

परवाच्या रविवारी मला ताप होता. अंथरुणातच पडून होतो, आज राहू दे असं ठरवलं होतं. फोन वाजला. तिचा नंबर, दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी हॅलो म्हटलं.

"दहा वाजून गेले," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी उठलो, अंगावर शर्ट चढवला आणि निघालो.