काकांचा पेपर मी वाचत असे

आमचे काका कुणावरच चिडले नाहीत, असा दिवस मानवत गावात कधी उगवलाच नसावा. काका म्हणजे माझे चुलतसासरे. घरातल्या माणसांवर ते सहसा रागावत नसत. काकूंच्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं, तरी ते मुकाट्यानं ताक मागून घेत. त्यांचा राग घराबाहेरच्या, शक्यतो समुद्रापलीकडच्या लोकांसाठी राखून ठेवलेला असे. दिल्लीचे मंत्री, मुंबईचे मंत्री, इंग्लंडचे फलंदाज, रशियाचे शास्त्रज्ञ हे सगळे त्यांचे रोजचे आरोपी, आणि रोज दुपारी त्यांची नावं पुकारायचं काम माझ्याकडे होतं.

ते काम माझ्याकडे आलं, त्याला कारण होतं. मी नगरकडची, सातवी पास. लग्न होऊन मानवतला आले त्याच वर्षी आमचा मराठवाडा हैदराबादपासून सुटून मुंबई राज्याला जोडला गेला. काका पाथरीच्या कचेरीत अर्जनवीस होते. म्हणजे कचेरीच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. निजामाच्या काळात शिकल्यामुळे त्यांचं सगळं लिहिणं-वाचणं उर्दूत. मराठी बोलायला लागले की समोरचा वकील गप्प होई, पण बाळबोध अक्षर त्यांना दुकानाच्या पाटीपुरतंच येई. हैदराबादहून येणारा त्यांचा उर्दू पेपर गावात यायचा बंद झाला. त्याच्या जागी मुंबईचा मराठी पेपर येऊ लागला, तोही तिसऱ्या दिवशी. मग दुपारची जेवणं झाली की काका ओसरीवर लोडाला टेकून बसत, मी डोक्यावरचा पदर सावरून दाराच्या आत बसे, आणि ते हुकूम सोडत, "वाच." शिळ्या बातमीवर इतका ताजा राग मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही.

रशियानं आकाशात कुत्री सोडली, ती बातमी मी वाचली तेव्हा मला मौज वाटली होती. काका ताडकन उठून बसले. "कुत्रीला इचारलं का कुणी? राजी हाय का न्हाई, जबाब घेतला का तिचा? वर सोडायलेत म्हणं! मोठे शास्त्रज्ञ! ह्यातला एक तरी सोता बसला का त्यात?" त्या दिवशी त्यांना चहा गेला नाही. कसोटी सामना अनिर्णित राहिला, हे वाचलं तर म्हणाले, "पाच दिवस खेळून फैसला न्हाई? मग तो खेळ न्हाई, दिवाणी दावा हाय!" पंचायतीनं चौकात कर्ण्याचा रेडिओ लावला, त्यावर तर त्यांचा विशेष दात. "एकटाच बोलायलाय, दुसऱ्याचं ऐकायला तयार न्हाई. ह्याला मंत्रीच करा." आणि मंत्र्यांबद्दल ते जे बोलत, त्यातलं निम्मं मला समजत नसे, कारण ते उर्दूत असे. उरलेलं निम्मं मला लिहिता येणार नाही. राज्यकारभाराबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं. "निजामाच्या घरातून निघालो, बरं झालं. पण आता आमाला कुठं नेऊन ठेवायलेत, त्ये आमाला कुणी इचारलं का?" हे ते इतक्या मोठ्यानं विचारत की रस्त्यानं कापसाच्या गाड्या घेऊन जाणारे लोक बैल थांबवून बघत.

एकदा असंच कुणा पुढाऱ्याचं भाषण ऐकताना ते लालबुंद झाले, बोलता बोलता अडखळले आणि लोडावरून कलंडले. गावातल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला आणि आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "यांना चिडू देऊ नका. पुढच्या वेळी भारी पडेल." हे घरात येऊन मला म्हणाले, "पेपर तुझ्याच हातात असतो. बघ काहीतरी."

मी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून मी देशाचा कारभार सुधारायला घेतला. संप मिटवले, पूर ओसरवले, पुढाऱ्यांची भाषणं एका वाक्यात आटोपली. आपला संघ लागोपाठ तीन सामने जिंकला. ज्या दिवशी सगळंच वाईट असे, त्या दिवशी मी सरळ मोसंबीच्या पिकाबद्दल वाचून दाखवी. काका माझ्याकडे चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "देश लय सुधारायलाय, सूनबाई." त्यांना झोप नीट लागू लागली. काकू विभूती लावता लावता देवाला माझ्यासाठी दोन शब्द जास्त बोलू लागल्या. मीही मनातून फुशारले होते.

त्यातच एके दिवशी आतल्या पानावर एक बारीकशी बातमी होती. उर्दूत काम करणाऱ्या अर्जनवीसांना यापुढं मराठी लिपीची परीक्षा द्यावी लागेल, नाहीतर परवाना रद्द. अर्ज महिनाअखेरपर्यंत करावा. तीस वर्षं कचेरीत बसलेल्या माणसाला बाराखडीची परीक्षा! हे ऐकलं तर ते पुन्हा उठायचे नाहीत, असं मला वाटलं. मी पान उलटलं आणि म्हणाले, "मोसंबीचं पीक यंदा चांगलं आहे."

पुढच्या महिन्यात काका एका संध्याकाळी पाथरीहून एस.टी.नं परत आले ते पाय न धुताच ओसरीवर बसले. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. कचेरीतल्या कारकुनानं कापून दिलेली तीच बातमी होती. "वाच," ते म्हणाले.

मी वाचली.

"ह्या दिवशी तू काय वाचलं होतंस?"

"मोसंबी," मी म्हणाले.

मग ते माझ्यावर चिडले. घरातल्या माणसावर चिडलेले मी त्यांना प्रथमच पाहत होते. "मी चिडलो असतो! लय चिडलो असतो! पण चिडून अर्ज केला असता! तीस वर्षं लोकांच्या रागाचे अर्ज लिवले मी. माणूस चिडतो तवाच कचेरीची पायरी चढतो. तू माझा जीव वाचवलास, सूनबाई, अन् हातच काढून घेतलास! माझा राग दाबून ठिवणारी तू कोण?"

मी मुकाट ऐकायला हवं होतं. पण दीड वर्षाचं भय, लाज आणि मोसंबी सगळं एकदम वर आलं. डोक्यावरचा पदर पडला, तोही मी सावरला नाही. "मग स्वतः का वाचत नाही?" मी ओरडले. "रशियाला नावं ठेवता, दिल्लीला अक्कल शिकवता, आणि घरात बसून चार अक्षरं शिकायला तुम्हाला कुणी अडवलंय?"

आत काकूंच्या हातातलं भांडं पडलं. काका न जेवता आत जाऊन निजले. माझी ती रात्र माहेरी जायची बोचकी मनात बांधण्यात गेली.

दुसऱ्या दुपारी ते नेहमीच्या जागी बसले आणि त्यांनी एक नवी कोरी पाटी माझ्यापुढं सरकवली. "काढ तुझी ती अक्षरं. अन् हासायचं न्हाई."

एकसष्ट वर्षांच्या माणसाला मुळाक्षरं शिकवणं म्हणजे रोज एका खटल्यात उलटतपासणीला उभं राहणं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी पाटीच्या उजव्या कडेनं सुरुवात केली. अक्षरांवरच्या रेघेचा त्यांना संताप. "सगळी धुणी वाळत घातल्यावानी दिसायलीत!" 'र'नं तर त्यांचा अंत पाहिला. "सूर्यात वर, चक्रात खाली, रामात आणखी तिसराच. एका र ला इतके वेष कशापायी? फरारी हाय का हा?" पण मी बघत होते, तो राग त्यांना चढत नव्हता, तो हातातून पाटीवर उतरत होता. उशिराच्या माफीचा अर्ज त्यांनी मला सांगितला आणि मी लिहिला. त्यात कारण म्हणून त्यांनी एवढंच घातलं, "अर्जदारास बातमी वेळेवर कळू शकली नाही." मी लेखणी थांबवून वर पाहिलं. "लिव पुढं," ते म्हणाले.

अर्ज मंजूर झाला. पुढच्या वर्षी ते नातवाच्या वयाच्या उमेदवारांत बसून परीक्षा देऊन आले आणि पास झाले. प्रश्नपत्रिकेतल्या दोन चुका त्यांनी तिथल्या साहेबाला काढून दाखवल्या, असं ते सांगत. मला ते खरं वाटतं.

त्यानंतर दुपारचा पेपर ते स्वतः वाचू लागले, मोठ्यानं, बोट ठेवून. मला कुणी बोलवत नसे. मी आत भाकरीचं पीठ मळत ऐके. सरकारी जोडाक्षर आलं की ते अडत. "सं... संयु... सं..." शब्द मला कळलेला असे, ओठावर येई, पण मी तो सांगत नसे, आणि तेही विचारत नसत. पुढं एके दुपारी तसाच एक लांबलचक जोडाक्षरी शब्द आला. ते थांबले. मीही परातीत हात तसेच ठेवून थांबले. मग त्यांनी तो शब्द एका दमात, अगदी अचूक उच्चारला आणि त्याच दमात तो लिहिणाऱ्या सरकारवर ते कडाडले.

मला हसू यायला हवं होतं. मी मात्र पिठाच्याच हातांनी डोळे पुसत बसले.